वर्ल्डकपच्या रात्री ते बाळ तुमच्याच मांडीवर होतं

या आठवड्याचं पत्र कळव्याच्या एका आईचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी मजकूर थोडक्यात असा:

"माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, जून २०१२ चा. लेगस्पिन टाकतो, आठवीत आहे. शेजारच्या मैत्रिणीचा मुलगा त्याच्याच अकॅडमीत फास्ट बोलर आहे. कागदावर तो डिसेंबर २०१२ चा, म्हणजे माझ्या मुलापेक्षा सहा महिन्यांनी लहान. पण तो डिसेंबर २०१० चा आहे हे मला पक्कं माहितीय. २ एप्रिल २०११ ला धोनीने सिक्स मारला, चाळीत फटाके सुटले, तेव्हा दचकून रडणारं ते चार महिन्यांचं बाळ माझ्याच मांडीवर होतं. फोटोपण आहे. मध्ये त्यांनी शाळा बदलली तेव्हा तो दोन इयत्ता मागे आला. त्याच्या वाढदिवसाला केकवर आकड्याची मेणबत्ती लावत नाहीत. यंदा चौदा वर्षांखालच्या सिलेक्शनमध्ये तो लागला आणि माझा राहिला. आता कोचने माझ्या नवऱ्याला गाठून सांगितलंय की तुमच्या पण मुलाची दोन वर्षं कमी करू, गावाकडून दाखला आणायची ओळख आहे, सगळेच करतात. नवरा तयार आहे. मुलगा पण म्हणतो, आई माझं पण कर ना. तक्रार करावी तर त्या मैत्रिणीने माझ्या बाळंतपणात दीड महिना माझ्या घरी डबा पोचवलाय. गप्प बसावं तर पोराचं नुकसान. आम्हीच मूर्ख आहोत का? प्रामाणिक राहून मिळतं तरी काय?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मेणबत्तीच्या ओळीवर अडकले. केक येतो, पोरं जमतात, आणि पंधरा लावायचा की तेरा हे ठरवता येत नाही म्हणून आई आकडाच लावत नाही. ज्या घरात हे होतं तिथे मजेत कोणी नसणार, असं मला वाटतं, आणि पुढे जे काही सांगतेय ते हे डोक्यात ठेवूनच सांगतेय.

आधी माझं एक ऐका. मी शाळेत खो-खो खेळायचे, ठाण्यातच, ऐंशीच्या दशकात. एका स्पर्धेला आमच्या सरांनी बाहेरची एक मोठी मुलगी आमच्या टीममधल्या एकीच्या नावावर खेळवली. तेव्हा याला 'नावावर खेळवणं' म्हणायचे आणि सगळ्या शाळा करतात असंच आम्हाला सांगितलं होतं. सूर मारून गडी टिपण्यात ती जबरदस्त होती, आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभात माईकवरून तिचं नाव पुकारलं आणि ती उठलीच नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तरी बसूनच, कारण ते तिचं नाव नव्हतं ना, तिच्या लक्षातच आलं नाही. शेवटी सरांनी लांबून हात केला तेव्हा ती धावत गेली, कप घेतला आणि खाली येऊन तो त्या खऱ्या नावाच्या मुलीच्या मांडीवर ठेवला, जी अख्खी मॅच बाहेर बसून होती. मी शेजारीच टाळ्या वाजवत होते. आज तो कप कुठल्या कपाटात आहे कोणास ठाऊक, पण मांडीवरच्या कपाकडे बघत बसलेली ती मुलगी मला अजून दिसते. तेव्हा गप्प बसणं काय असतं हे मला माहितीय, तुमच्यावर चिडायचा मला अधिकार नाही.

आता कोचची ऑफर. तिला नाही म्हणा, आणि याच आठवड्यात म्हणा, 'बघू' वगैरे नको. या लोकांच्या भाषेत बघू म्हणजे हो असतं.

हे दाखले कसे निघतात ते जरा समजून घ्या. बाळ जन्मलं की २१ दिवसांत नोंद करायची असते, आणि वर्ष उलटून गेलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. तुमच्या मुलाची नोंद जन्माच्या वेळीच झालेली असणार, म्हणजे दुसरा दाखला काढायचा तर कुठल्यातरी गावात 'याची नोंद राहून गेली होती' असं खोटं दाखवावं लागणार, आणि मग एकाच पोराच्या दोन जन्मनोंदी सरकारदरबारी कायमच्या राहणार. तेवढ्यावर भागतही नाही. मग आधार बदला, आणि आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणजे पुढे खरी करायची म्हटली तर वाट फार अवघड. मग शाळेचं जनरल रजिस्टर, मग दहावीचं सर्टिफिकेट, आणि एकदा दहावीवर तारीख छापली गेली की ती तारीख नोकरीपासून पासपोर्टपर्यंत जन्मभर मागे लागते. खोटा दाखला करणं आणि वापरणं हा सरळसरळ फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यावर सही कोचची नसते हो, आईबापाची असते.

शिवाय बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांची हाडांची टेस्ट करते, टीडब्ल्यू३ म्हणतात तिला, डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्सरे काढून हाडं किती पिकलीयत ते बघतात. ती टेस्ट काही देवाचा कौल नाही, खऱ्या वयाच्या पोराचं हाडांचं वय पण वर्षभर इकडेतिकडे येऊ शकतं, पण पूर्ण दोन वर्षं लपवणं अवघड जातं. २०१९ मध्ये रसिक सलाम हा जम्मू-काश्मीरचा बोलर, नुकताच आयपीएल खेळलेला, वयाच्या कागदांवरून दोन वर्षं बाहेर बसला. ऐन उमेदीची दोन वर्षं. कमी करतात तीही साधारण दोनच असतात, हिशोब बघा.

पण ताई, पकडले जाल म्हणून करू नका एवढंच मी म्हटलं तर ते अर्धवट होईल, कारण खूप जण पकडले जात नाहीत हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही. मला काळजी वाटते ती तुमचा मुलगा जे बोलला त्याची, 'आई माझं पण कर ना'. तेरा वर्षांचं पोर दोन वर्षं मागतंय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं तो वेगळंच विचारतोय. मी आहे तसा तुम्हाला चालतो का, असं विचारतोय. आणि कोचच्या पुढ्यात बसून बाबांनी हो म्हटलं की त्याला उत्तर मिळतं, की नाही, आहेस तसा नाही चालत, तुला थोडा खोटा करावा लागेल.

राहुल द्रविडने २०१५ मध्ये पतौडींच्या नावाने जे व्याख्यान होतं त्यात हाच मुद्दा मांडला होता. त्याचं म्हणणं असं होतं की ज्या मुलाला आईवडील आणि कोचच खोटा दाखला करून देतात त्याला आपण फसवायलाच शिकवतोय, आणि चौदाव्या वर्षी वयाची चोरी आणि पंचविसाव्या वर्षी फिक्सिंग यात फरक तो काय. ऐकायला जरा टोकाचं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण मग २०१८ चं केपटाउन आठवा, ऑस्ट्रेलियाच्या टीमने सँडपेपरने बॉल घासला होता ते. स्मिथ आणि वॉर्नर सीनियर, त्यांना वर्ष-वर्षाची बंदी, आणि ज्याने प्रत्यक्ष खिशात सँडपेपर ठेवला तो बँक्रॉफ्ट टीममध्ये तसा नवा होता, त्याला नऊ महिने. नंतर तो म्हणाला की टीममध्ये आपल्याला सामावून घ्यावं, किंमत द्यावी म्हणून केलं. मोठ्याने सांगितलं आणि छोट्याने केलं, एवढीच ती गोष्ट आहे. ही सवय काय केपटाउनला लागत नाही, ती दाखल्याच्या फॉर्मवर लागते.

आता तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही अगदी पक्क्या धरून चालताय, त्या जरा हलवून बघूया.

पहिली, शेजारच्या मुलामुळे माझा मुलगा राहिला. एका जागेपुरतं हे खरं असेलही, मी नाकारत नाही. पण बघा, बीसीसीआयच्या वयोगटांची कट-ऑफ १ सप्टेंबर असते. म्हणजे चौदाखालच्या एका बॅचमध्ये सप्टेंबर २०११ ते ऑगस्ट २०१२ ची पोरं. तुमचा जूनचा. सप्टेंबरात जन्मलेला पोरगा अगदी खऱ्या कागदावर, एकही खोटी सही न करता, त्याच्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठा आहे, आणि तेराव्या वर्षी नऊ महिने म्हणजे चेष्टा नाही. मुलांची उंची साधारण साडेतेरा-चौदाला सगळ्यात झपाट्याने वाढते पण कोणाचा हा टप्पा बाराव्या वर्षी येतो आणि कोणाचा पंधरा-सोळाला, त्यामुळे एकाच वर्गात मिशी फुटलेला आणि आवाज न फुटलेला असे दोघं एका बाकावर बसलेले तुम्ही पाहिलेच असतील. कट-ऑफनंतर लगेच जन्मलेली मुलं सिलेक्शनमध्ये जास्त दिसतात हे कॅनडात आइस हॉकीच्या बाबतीत १९८० च्या दशकातच लक्षात आलं होतं आणि मग खेळामागून खेळात तेच सापडत गेलं. सिलेक्टर कितीही चांगला असला तरी त्याला मोठं शरीर म्हणजे टॅलेंट असं वाटून जातं. तेव्हा तुमचा मुलगा राहिला त्यात शेजाऱ्याची दोन वर्षं आहेत, तसा जून महिनाही आहे, आणि कदाचित त्या दिवशी गुगली पडली नसेल हेही आहे. सगळा राग एका दारावर नेऊन ठेवू नका, आणि ते दार शेजारचंच आहे म्हणून तर मुळीच नको.

दुसरी, शेजारच्या मुलाने चोरी केलीय. त्याने काय केलं हो? शाळा बदलली तेव्हा तो किती वर्षांचा असेल, आठ-नऊ? त्याला कोणी विचारलं असेल? ज्या दिवशी तो दोन इयत्ता मागच्या वर्गात जाऊन बसला, स्वतःपेक्षा वीतभर लहान पोरांमध्ये, त्या दिवशी घरी येऊन तो काय बोलला असेल याचा मी विचार करत राहते.

अमेरिकेत २००१ मध्ये अगदी असाच प्रकार झाला होता. तिकडे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची लिटल लीग म्हणून बेसबॉलची मोठी स्पर्धा असते, त्यात डॅनी अल्माँटे नावाच्या एका मुलाने कहर केला, एका मॅचमध्ये तर समोरच्या टीमच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. अख्ख्या देशात नाव झालं. नंतर कागद तपासले तर तो १९८९ चा नव्हता, १९८७ चा होता. दोन वर्षं, तुमच्या शेजाऱ्यासारखीच. टीमचा तिसरा नंबर आणि त्याचे सगळे विक्रम पुसले गेले. पण शिक्षा कोणाला झाली बघा, त्याच्या वडिलांना आणि तिथल्या लीगच्या प्रमुखाला कायमची बंदी. मुलाला दोषी धरलं नाही, मोठ्यांनी त्याला वापरलं असंच म्हटलं गेलं. तो पुढे खेळत राहिला पण मेजर लीगपर्यंत कधी पोचला नाही. चौदाव्या वर्षी बारा वर्षांच्या पोरांना बाद करणं आणि बावीसाव्या वर्षी बावीस वर्षांच्यांना बाद करणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर कापायची जी वर्षं असतात तीच अशा मुलांची सोप्या विकेट घेण्यात जातात. तुमच्या शेजारच्या फास्ट बोलरला आज यॉर्कर शिकायची गरजच पडत नाहीये, नुसता आपटला की समोरचा मागे सरकतो. एकोणीस-वीसला सगळे त्याच्याएवढे होतील तेव्हा त्याच्याकडे काय असेल?

आणि समोर उभ्या असलेल्या पोरांचं काय, हेही बोलायला हवं. वयोगट फक्त ट्रॉफीसाठी नसतात. क्रिकेटच्या नियमात तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी बॉलसुद्धा हलका सांगितलाय, १३३ ते १४४ ग्रॅमचा, मोठ्यांचा १५६ च्या पुढे. कारण उघड आहे, लागतं. ठाण्याच्या सेंट्रल मैदानाच्या बाजूने जाताना कधी थांबून बघा, तेरा वर्षांचं पोर पॅडमध्ये बुडालेलं असतं, हेल्मेट सरकून नाकावर येतं, आणि समोरून पंधराचा गडी पूर्ण रनअप घेऊन येतोय. त्या पोराच्या आईला कोणी सांगितलेलं नसतं की समोरचा पंधराचा आहे. म्हणून, ताई, मुलाचा दोष नाही हे मी शंभर वेळा म्हणेन पण म्हणून हे चालू राहू द्या असं मात्र म्हणणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, प्रामाणिक राहून मिळतं काय. काही मिळेलच असं खोटं आश्वासन मी देत नाही. १९८० च्या फेब्रुवारीत आपल्या वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी टेस्ट झाली होती, इंग्लंडविरुद्ध. त्यांचे ५८ वर ५ गेले होते, त्यानंतर बॉब टेलरला अंपायरने कॅच आउट दिलं, तो निघाला. आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ, म्हणजे विशी, त्याला वाटलं बॅट लागलेली नाही, त्याने अंपायरला सांगून टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बॉथमची पार्टनरशिप १७१ पर्यंत गेली, बॉथमने ११४ मारले, आणि आपण दहा विकेटने हरलो. गोड शेवट वगैरे नाही. माझे वडील ती मॅच रेडिओवर ऐकत होते आणि त्या संध्याकाळी विशीवर भयंकर चिडले होते हे मला आठवतं. पण पुढे कधीही क्रिकेटचा विषय निघाला की तेच वडील तीच गोष्ट सांगायचे, ऐकणाऱ्याला पाठ झाली तरी सांगायचे, आणि सांगताना 'आपला विशी' म्हणायचे. दहा विकेटने हरलो हे मला त्यांच्याकडून कळलंच नाही, ते मी फार नंतर स्कोअरकार्डमध्ये वाचलं.

बरं, आता करायचं काय.

मैत्रिणीशी बोला. आधी तिच्याशीच, दुसऱ्या कोणाशीही नाही, अकॅडमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षर नाही, सूचक स्टेटसपण नको. घरी बोलू नका, तिच्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही, दोन्हीकडे भिंतींना पोरांचे कान आहेत. तलावपाळीला जा दोघी, चालता चालता बोला, समोरासमोर बसून नजरेला नजर द्यावी लागली की माणूस लगेच बचावावर येतो. सुरुवात 'तुझ्या मुलाने माझ्या मुलाची जागा घेतली' इथून केलीत तर तिथेच संपेल. कोचने तुमच्या नवऱ्याला काय ऑफर दिली ते सांगा, तुम्ही नाही म्हणताय ते सांगा आणि मग विचारा की तुम्हाला पण त्यानेच सांगितलं होतं का गं. मला वाटतं ती रडेल. कदाचित चिडेल. चिडली तर चिडू द्या, तिच्या जागी मीही चिडले असते. पण तिला एक गोष्ट ठामपणे सांगा की दहावीचा फॉर्म भरायच्या आधी हे दुरुस्त करायचं तर आत्ताच, नंतर फार जड जाईल, आणि शाळेत, वकिलाकडे, जिथे जायचं तिथे मी तुझ्यासोबत येईन. तिच्या डब्याची परतफेड गप्प बसून होत नाही, तिच्यासोबत गेलात तर थोडीफार होईल.

आणि तिला मुदत द्या. पुढच्या सीझनचं रजिस्ट्रेशन उघडेपर्यंत, एवढं पुरे. त्यानंतरही काहीच हाललं नाही तर असोसिएशनकडे लेखी तक्रार करायची का हे तुम्ही ठरवा. माझं स्वतःचं मत विचाराल तर करावी, कारण तुमच्या गप्प राहण्याची किंमत तुमचा मुलगा एकटा देत नाहीये, लिस्टमध्ये सोळावा-सतरावा राहिलेला कुठलातरी दिव्याचा, मुंब्र्याचा पोरगा पण देतोय ज्याला कोणामुळे राहिलो हे कधी कळणार नाही. पण करायची तर नावानिशी, सही करून, आणि तक्रारीत पहिलं नाव कोचचं टाका, मुलाचं नको. या अकॅडमीतून गेलेल्या सगळ्या मुलांचे मूळ दाखले आणि पहिल्या शाळेचं रजिस्टर तपासा अशी मागणी करा. निनावी पत्र टाकू नका, त्याला कोणी विचारत नाही आणि उद्या बिल्डिंगमध्ये दहा जणांवर संशय जातो. सिलेक्शनची लिस्ट लागलेल्या आठवड्यात तर मुळीच लिहू नका. हात रागाने चालतो तेव्हा.

कोच बदला. मला माहितीय की हे लिहायला सोपंय, फी भरलेली असते, पोराचे मित्र तिथे असतात, आणि ठाण्यात दुसरीकडे नेट्स मिळवायची म्हणजे पहाटे किटबॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये घुसायचं, ती बॅग बघून डब्यातले लोक आधी शिव्या देतात. तरीपण बदला. जो माणूस तुमच्या नवऱ्याला दाखला आणून देतो म्हणाला तोच उद्या पोरगा दुखावला की कुठलंतरी इंजेक्शन आणून देतो म्हणेल, तेव्हाही 'सगळेच घेतात' असंच म्हणेल.

ज्यांची मुलं कुठलाही खेळ खेळतायत त्या सगळ्यांनाच सांगते, फॉर्म स्वतः भरा. बहुतेक अकॅडमीत कोच किंवा त्याचा पोरगा सगळे फॉर्म एकगठ्ठा भरतो आणि आईबाप गाडीवर बसल्या बसल्या सही करतात, तारीख काय टाकलीय ते बघतही नाहीत. सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. जन्माचा मूळ दाखला, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं पुस्तक हे एका पिशवीत ठेवा, कारण हाडांच्या टेस्टमध्ये खऱ्या पोराचं वय जास्त आलं तर बोलायला हेच कागद लागतात.

आणि जे आधीच हे करून बसलेत त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण ते पण हे वाचत असणार आणि त्यांना पत्र लिहायची लाज वाटत असणार. २०२० मध्ये बीसीसीआयने सांगितलं होतं की जे स्वतःहून कबूल करतील त्यांना बंदी नाही, खऱ्या वयाच्या गटात खेळू द्या, आणि लपवून सापडले तर दोन वर्षं बाहेर. ती मुदत तेव्हाची होती, पण स्वतः जाऊन सांगणाऱ्याकडे बघायची नजर आणि पकडलेल्याकडे बघायची नजर कुठल्याही ऑफिसात वेगळीच असते. एखादा सीझन जाईल. मोठ्या गटात पोरगा सुरुवातीला मार खाईल. जाऊ द्या, खाऊ द्या, निदान मार खाऊन तो यॉर्कर टाकायला शिकेल.

तुमच्या नवऱ्याबद्दल थोडंच लिहिते. ते वाईट नाहीत, घाबरलेत. पोरासाठी आपण काहीच करू शकत नाही असं वाटलं की बाप माणूस जे हातात येईल ते करायला धावतो. त्यांना दुसरं काहीतरी करायला द्या. रविवारी पहाटे उठून मैदानावर विकेटच्या मागे उभं राहायचं आणि साठ बॉल पकडायचे, लेगस्पिनरला याच्याएवढी मदत कोणाचीच होत नाही.

आणि मुलगा. त्याला समोर बसवून स्पष्ट सांगा की तुझी जन्मतारीख आम्ही बदलणार नाही, सिलेक्शन झालं तरी आणि नाही झालं तरी. त्याचं ऐका, तो चिडेल, 'तुम्हाला माझं काही पडलंच नाही' म्हणेल, ते पण ऐका. शेजारच्याबद्दल विचारलं तर खोटं बोलू नका पण त्याला चोरपण म्हणू नका, सांगा की ते मोठ्यांनी केलंय आणि आम्ही मोठे त्यावर बोलतोय, तू त्याच्याशी खेळत राहा. त्याला मोठ्या पोरांच्या नेट्समध्ये टाका. लेगस्पिनला उंचीची घाई नसते, मनगटाची असते, आणि मोठ्या बॅट्समनकडून चौकार खाल्ल्याशिवाय फ्लाइट कशाला म्हणतात ते कळत नाही. दोन-तीन वर्षांत एखादा क्लब धरून मुंबईच्या कांगा लीगला न्या, पावसाळ्यात, चिखलात, चाळिशीतल्या पोट सुटलेल्या काकांसमोर बॉल टाकायला. १९४८ पासून चालू आहे ती लीग आणि तिथे तुझं वय काय हे कोणी विचारत नाही, बॉल वळतो का तेवढं बघतात.

राहिला तो फोटो. तलावपाळीला जाताना सोबत न्या, पण पुरावा म्हणून बाहेर काढू नका, पर्समध्येच राहू द्या. बोलणं नीट झालं तर शेवटी दाखवा तिला, ती रात्र तिलाही आठवत असेलच, ती स्वयंपाकघरात होती की गॅलरीत ते विचारा. काय झालं ते मला जरूर कळवा, मी इथे छापणार नाही.